मधली वीस मिनिटं

संगणकावर आलेल्या तिसऱ्या पत्राची पहिली ओळ त्यानं मोठ्यानं वाचली आणि दुसऱ्या ओळीवर त्याची जीभ अडली. पहिल्या ओळीत भिण्यासारखं काही नव्हतं. लिहिणारी बाई निवृत्त औषधविक्रेती होती, वीस वर्षं शुक्रवारची पुरवणी शेवटच्या पानापासून उघडत होती, आणि त्या पानावरचं सिनेमाचं सदर वाचल्याशिवाय तिचा चहा घशाखाली उतरत नव्हता. दुसऱ्या ओळीपासून मात्र तिनं सरळ विषयालाच हात घातला होता. गेल्या शुक्रवारी सदराच्या बाईंनी ज्याला वर्षातला सर्वांत सुंदर प्रसंग म्हटलं, तो त्या सिनेमात नाहीच. 'मी सिनेमा दोनदा पाहिला. बहीण भावाच्या गावी जाते, तिथे तळंही नाही आणि होडीही नाही. पाण्याचा आवाज येतो तो स्वयंपाकघरातल्या नळाचा. एक चप्पल काढून काठावर बसलेली आणि तशीच परत फिरलेली बाई मला दुसरीकडे भेटली होती. आपल्याच सदराच्या खाली, आपल्या यजमानांच्या चौकटीत, तीन आठवड्यांपूर्वी. ती एका व्हिडिओ गेममधली आहे. चूकभूल द्यावी घ्यावी.' समोरच्या खुर्चीत त्याची बायको, म्हणजे त्या सदराच्या बाई, दोन्ही हातांत कप धरून त्याच्या उजव्या कानाच्या जरा पलीकडे बघत बसली होती. हल्ली ती कुणाकडे बघायचं तर असंच बघायची.

"का थांबलात?"

"काही नाही. स्तुती आहे."

"मग त्यात थांबायचं काय? वाचा की. स्तुती काय रोज येते?"

आणि त्यानं वाचलं. म्हणजे डोळे पत्रावर फिरत राहिले आणि तोंड भलतंच बोलत राहिलं. आपली भाषा, आपली दृष्टी, असं काहीबाही. शेवटी तर, आपलं लिखाण वाचलं की सिनेमा डोळ्यांसमोर उभा राहतो, असंही त्यानं त्या औषधवाल्या बाईच्या तोंडी घालून टाकलं. बायको हसली. "शेवटचं पुन्हा म्हणा," ती म्हणाली. त्यानं पुन्हा म्हटलं, पण आधी 'उभा राहतो' म्हटलं होतं की 'दिसायला लागतो', ते त्याला आठवेना. त्यानं 'दिसायला लागतो' म्हटलं. तिचं हसू जिथल्या तिथे राहिलं. तिनं चहा संपवला, कप हातानं चाचपून टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत ठेवला, आणि भिंतीला बोटं लावत आंघोळीला निघून गेली. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याला उगाच वाटलं की दारापाशी ती क्षणभर थांबली होती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या नजरेच्या बरोब्बर मधोमध एक डाग आला आणि पसरत गेला. नेत्रतज्ज्ञ कागदावर गोल काढून म्हणाला होता, कडा राहतील, मधलं जाईल. कडा राहिल्या. ती घरभर फिरते, चहा करते, दारात कोणी उभं आहे हे तिला कळतं, कोण ते कळत नाही. पडद्यावर उजेड हलतो तोही कळतो. चेहरे मात्र गेले, आणि चेहरे गेल्यावर सिनेमात राहतं काय? तेव्हा तिनं सदर सोडायला हवं होतं. सोडलं नाही. संपादक तरुण होता, फोनवर आणि मेलवर भेटणारा. सिनेमे घरबसल्या पाहता यायचे. कोणाला काही सांगायचं कारणच नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. तिचा नवरा नुकताच निवृत्त झाला होता. एकतीस वर्षं त्यानं नगररचना कार्यालयात नकाशे काढले होते, गटारं, गल्ल्या, कुंपणं, जशी आहेत तशी. "तुमच्यासारखा माणूस मला शोधून मिळाला नसता," ती तेव्हा म्हणाली होती, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत तिनं त्याच्या नोकरीची केलेली ती पहिलीच तारीफ. रोज दुपारी तीनला ती खुर्चीत बसणार, तो शेजारच्या स्टुलावर, आणि पडद्यावर जे घडेल ते तो हलक्या आवाजात सांगणार. नियम तिचे. दिसतं ते सांगा, वाटतं ते सांगू नका. सिनेमा थांबवायचा नाही आणि मागे न्यायचा नाही, कारण थिएटरात कोणी तुमच्यासाठी थांबत नाही. मग संध्याकाळी ती बोलणार आणि तो टंकणार. आणि गंमत अशी की लेख पहिल्यापेक्षा चांगले उतरायला लागले. संपादकानं कळवलं की बाईंची शैली अलीकडे फारच चित्रमय झाली आहे. त्या दिवशी दोघं पोट धरून हसले होते.

हसू ओसरायला तीनेक महिने लागले असतील. नंतर राहिलं ते काम. आतापर्यंत सहाशेच्या आसपास सिनेमे त्यानं असे सांगून काढले होते. आता तो उठला. आता खिडकीशी गेला. आता वळला, पण तिच्याकडे बघत नाही. सिनेमातली माणसं फार खिडकीशी जातात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. आणि चहा कधी संपवत नाहीत. कप हातात घेतात, एक घोट, आणि लगेच काहीतरी बोलायचं सुचतं. रागानं निघून जाणाऱ्याला दार पहिल्या फटक्यात उघडतं. दुःखी माणूस गाडी चालवतो. मरणाऱ्याला बोलायला वेळ मिळतो. हे सगळे त्याचे शेरे, आणि ते सांगायची परवानगी नव्हती, म्हणून ते आत साठत गेले, अडगळीच्या खोलीसारखे. गेल्या महिन्यात एक सिनेमा होता, त्यात एक शिंपी आपल्या आंधळ्या होत चाललेल्या गिऱ्हाइकाला कापडाचे रंग सांगतो. नऊ बक्षिसं मिळालेला. तो सांगताना त्याला इतका कंटाळा आला की आपण दुष्ट आहोत की काय असं वाटलं. त्या शिंप्याला काय, दीड तासात संपतं. सगळ्यात वाईट हे की सवय तीनच्या शोबाहेरही पसरली. बँकेत रांगेत उभं असताना डोक्यात सुरू. आता पुढच्या बाईनं पर्स उघडली. आता शिपाई पंख्याकडे बघतोय. जग जणू बघायचं राहिलंच नव्हतं, नुसतं सांगायचं उरलं होतं.

गेमचं यंत्र मुलीनं दिलेलं, निवृत्तीची भेट म्हणून. "बाबा, नाहीतर तुम्ही आईच्या डोक्यावर बसाल," ती म्हणाली होती. बसलं कोण कोणाच्या डोक्यावर ते आता सांगून उपयोग नव्हता. मागच्या खोलीत, सकाळी दहा ते बारा, कानांवर हेडफोन चढवून तो खेळायचा. मारामारीचे खेळ त्याला जमत नसत, बोटं वेळेवर वळत नसत. त्यानं हळू खेळ शोधले. एकात नुसतं बर्फातून चालायचं होतं, एका मोडक्या दीपगृहापासून दुसऱ्यापर्यंत, आणि दिव्यात तेल घालायचं. दुसऱ्यात पुरानं गाळ साचलेलं ग्रंथालय साफ करायचं. त्यात पानं वाळत घालताना त्याला जी शांतता मिळाली ती उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती, कारण ती पानं कोणाला वाचून दाखवायची नव्हती. एकदा पुरवणीच्या शेवटच्या पानावर चार बोटं जागा उरली, संपादकानं विचारलं बाई काही देता का, आणि त्यानंच आपलं चार ओळींचं टिपण पाठवून दिलं. तेव्हापासून तिच्या सदराखाली त्याची चौकट. तिनं ती कधी ऐकली नाही. "तुमचे ते पोरखेळ चालू द्यात," एवढंच. त्यालाही बरं होतं. घरात एक कोपरा असा होता जिथलं काही तिला सांगावं लागत नव्हतं.

आणि त्या कोपऱ्यातली बाई त्यानं तिला देऊन टाकली. होडीचा खेळ होता तो. तळ्याच्या या काठावरून त्या काठाला उतारू न्यायचे, कोणी बोलतं, कोणी बोलत नाही. एक म्हातारी पलीकडे उतरते, एक चप्पल काढते, पाय पाण्यात सोडून बसते, दुसरी चप्पल पायातच. मग ती पुन्हा चप्पल घालते आणि होडीत येऊन बसते. खेळात तिचं नाव नाही, गोष्ट नाही, तिला परत आणल्याबद्दल गुण मिळत नाहीत. तो तिला अकरा वेळा नेऊन आला होता. त्या सिनेमाच्या दुपारी तो आदल्या रात्रीच्या पाठदुखीनं जागलेला होता. सिनेमा पावणेतीन तासांचा, बहीण भावाला भेटायला निघाली आहे, बस, रस्ता, बस, रस्ता. तो सांगत होता, बस, रस्ता. आणि मग त्याच्या खांद्याला तिचा हात लागला आणि ती विचारत होती, "पाणी कुठलं होतं? बराच वेळ पाणी वाजत होतं." पडद्यावर बहीण पुन्हा बसमध्ये होती, मागे काहीच उरलं नव्हतं. थांबवायचं नाही, मागे न्यायचं नाही. त्याच्या तोंडून निघालं, "तळं होतं. ती काठावर बसली होती." "एकटी?" "एकटी. एकच चप्पल काढून." बायकोनं श्वास रोखलेला त्याला ऐकू आला. ते इतकं बरं वाटलं की तो सांगतच गेला.

ती आंघोळीला गेली आहे तेवढ्यात त्यानं पत्र पुसून टाकायचं ठरवलं. बोट कळीवर ठेवलं आणि तिथेच राहिलं. पुसलं तर कोणालाच कळणार नाही. औषधवाली बाई दुसरं पत्र लिहील, किंवा संपादकाला लिहील, किंवा लिहिणारही नाही. सांगितलं तर सदर बुडणार, कारण तळं कुठून आलं हे सांगायचं तर डोळ्यांचं सांगावं लागणार. सव्वीस वर्षांचं नाव. या घरात तिच्याकडे आता ते सदर सोडून होतं तरी काय? तेव्हा पुसणं हेच शहाणपण, हेच प्रेम, हेच सगळं. पण त्याच्या आत कोणीतरी अगदी गप्प बसून वेगळंच म्हणत होतं. म्हणत होतं, सांग. सांगून टाक. सत्य म्हणून नव्हे रे बाबा, सुटशील म्हणून सांग. उद्या तीन वाजता तुला स्टुलावर बसावं लागणार नाही. हे ऐकून तो मनातल्या मनात दचकला. खरं बोलायची इतकी ओढ त्याला जन्मात लागली नव्हती आणि ती कशापायी लागली आहे हे त्याला स्वच्छ दिसत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यानं बोट उचललं. पत्र तसंच राहिलं.

जेवणानंतर ती आडवी झाली तेव्हा त्यानं हेडफोन लावून तो सिनेमा पुन्हा उघडला आणि ती मधली वीस मिनिटं काढली. भावाचं घर. दार शेजारणीनं उघडून दिलेलं. भाऊ कामावर. बहीण बसते, उठते, स्वयंपाकघरात जाते. मोरीत भांड्यांचा ढीग, आठवड्याचा तरी. ती पदर खोचते आणि नळ सोडते. मग भांडी घासते, बस. कॅमेरा हलत नाही. एकेक ताट, करपलेलं पातेलं, त्याला ती नखानं खरवडते. भाऊ येत नाही. सगळं घासून पुसून झाल्यावर एक कप राहतो, त्यात तळाशी चहा वाळलेला आणि कडेला ओठांची खूण. तो कप ती हातात धरते आणि न धुताच जागेवर ठेवून देते. नळ बंद. पदराला हात पुसत ती निघते, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं पडद्याकडे नुसतं बघितलं होतं, आणि नुसतं बघितलं म्हणून ते आत गेलं होतं. त्याला रडू आलं ते त्या बहिणीसाठी की आपण हे झोपेत घालवलं म्हणून, हे त्याला कळलं नाही. बहुतेक हेवा वाटला त्याला. भांडी घासून झाली की त्या बहिणीला निघून जाता येत होतं.

तीन वाजता ती खुर्चीत येऊन बसली. आजचा सिनेमा एका वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या माणसावर होता. त्यानं रिमोट हातात घेतला.

"थांबा," ती म्हणाली. "सकाळचं तिसरं पत्र वाचा."

"आता? संध्याकाळी वाचू की."

"आताच."

तो संगणकापाशी गेला. सकाळची स्तुती त्याला आता एक अक्षर आठवत नव्हती. नवी रचता आली असती, त्यात तो आता तरबेजच झाला होता. त्यानं पत्र उघडलं आणि होतं तसं वाचलं, पहिल्या ओळीपासून चूकभूलपर्यंत. वाचताना आवाज सपाट ठेवला.

"नळाचा," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी तळं लिहिलं. वर्षातलं सर्वांत सुंदर तळं." तिनं मांडीवरचे हात उलटे करून पुन्हा सुलटे केले. "झोपला होतात?"

"वीस मिनिटं. तू मागे नेऊ देत नाहीस, म्हणून..."

"माझ्यावर ढकलू नका हो! झोपलो म्हणाला असतात तर काय मी फाशी देणार होते? घोरला असतात तर हसले असते. सव्वीस वर्षांत मी न पाहिलेली एक गोष्ट लिहिली नव्हती. डोळे गेल्यावरही नाही लिहिली. तुम्ही बघत होतात म्हणजे मी बघत होते, असं धरून चालले मी."

ती ओरडली असती तर त्यालाही काहीतरी ओरडता आलं असतं. "ती गेममधली बाई," त्यानं चाचरत म्हटलं, "ती पण मी तुला..."

"ती तुमच्या चौकटीत छापून आली होती. माझ्याच लेखाच्या पायाशी. सगळ्या गावानं वाचली, मी सोडून. मला कधी वाचून दाखवलीत?"

"तू कधी विचारलंस?"

तिनं खुर्चीचा हात चाचपला. मग कामाच्या आवाजात म्हणाली, "त्या वीस मिनिटांत खरं काय आहे ते सांगा."

त्यानं सांगितलं. स्टुलावर बसला नाही, उभ्या उभ्याच सांगितलं. ताटं, पातेलं, नख. कपापाशी आल्यावर त्याचा आवाज जरा चिरकला, पण त्यानं कपाचं नीट सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"धुतच नाही?"

"नाही. तसाच ठेवते."

"हे तुमच्या तळ्याहून कितीतरी चांगलं आहे," ती म्हणाली, आणि ते बोलताना तिला किती लागलं आहे हे त्याला दिसलं. "बसा. लिहून घ्या."

तो टंकायला बसला. तिनं नेहमीसारखंच सांगितलं, स्वल्पविरामांसकट. गेल्या शुक्रवारी या सदरात वर्णन केलेला तळ्याचा प्रसंग सिनेमात नाही. तिथे स्वयंपाकघर आहे, आणि ते प्रत्येकानं पाहावं. दिग्दर्शकाची आणि वाचकांची मी क्षमा मागते. दोन वर्षांपासून मला दिसत नाही. या काळात मी एकही सिनेमा पाहिलेला नाही, मला ते सांगितले गेले. हे मी लपवलं. सदर इथे थांबवते.

"अगं, डोळ्यांचं कशाला?" त्याची बोटं थांबली. "चूक झाली एवढंच लिहू. चुका काय होत नाहीत?"

"कशी झाली ते नको सांगायला? लोक म्हणतील म्हातारी भ्रमिष्ट झाली. आंधळी बरी त्यापेक्षा. लिहा."

त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं. तिनं एक शब्द बदलला. मग चेहरा वळवून, त्याच्या कानाच्या पलीकडे बघत, म्हणजे आता नक्की त्याच्याकडेच बघत, तिनं विचारलं, "एक खरं सांगा. सकाळी हे पत्र बघितल्यावर तुम्हाला बरं वाटलं ना? सुटलो असं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. तिनं मानलंही असतं, निदान तसं दाखवलं असतं.

"हो," तो म्हणाला. "वाटलं."

"पुष्कळ?"

"पुष्कळ."

"निदान हे तरी बनवून सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "पाठवा आता."

त्यानं पाठवलं. सात-आठ मिनिटांत संपादकाचा फोन वाजायला लागला. ती म्हणाली वाजू द्या, आणि तो वाजून वाजून थांबला. संध्याकाळी दोघांनी फारसं न बोलता जेवण उरकलं. ती रागावलेली नव्हती, ते त्यानं ओळखलं असतं. ती नुसती त्याच्याशी जपून वागत होती, पाहुण्याशी वागावं तशी. मीठ हवं का, पंखा कमी करू का. निजताना तिनं विचारलं, "फार दमला होतात का हो?" आणि उत्तराची वाट न बघता कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो मागच्या खोलीत पलंगावर पडला होता. हवं होतं ते मिळालं होतं. अंग हलकं झालं होतं, कपाळामागची बडबड थांबली होती, आता पडावं आणि दोन वर्षांची झोप काढावी. तेवढ्यात बाहेर टीव्ही लागला. तिनं स्वतःच चाचपून लावला असणार. वजनकाट्यांचा सिनेमा. संगीत आलं, मग दोन माणसं दुकानात बोलली, एक हसला, दार लागलं. मग आवाज थांबले. बोलणं नाही, संगीत नाही, पावलं नाहीत. एक मिनिट झालं. दोन झाली. पडद्यावर काहीतरी चाललं होतं नक्की, कोणीतरी काहीतरी करत होतं आणि ते करताना त्याचा चेहरा कसातरी होत होता. बाहेरच्या खोलीत ती ते ऐकत बसली होती. तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहिला. तिनं हाक मारली असती तर तो गेला असता. तिनं हाक मारली नाही आणि तो उठला नाही.